हम्फ्री यांची १९६८ची उमेदवारी: नियमात बसणारी, पण न्याय्य होती का?

धागाकर्ता:
१९६८ साली अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली, तीही ते प्राथमिक निवडणुकांच्या (पक्षाचा उमेदवार कोण असावा यावर राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानाच्या) आखाड्यात उतरलेले नसताना. न्यू हॅम्पशायरमध्ये ४२ टक्के मते घेऊन युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी विद्यमान अध्यक्ष जॉन्सन यांना घाम फोडला, ३१ मार्चला जॉन्सन यांनी माघार घेतली आणि एप्रिलअखेरीस उपाध्यक्ष हम्फ्री पुढे सरसावले. पेनसिल्व्हेनियात तर ७० टक्क्यांहून अधिक मतदारांनी मॅकार्थींना पसंती दिली असता पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे तिथले बहुतेक प्रतिनिधी हम्फ्री यांच्या पारड्यात पडले. व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा कौल पुढाऱ्यांनी खुंटीला टांगला, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १:
नियम हम्फ्री यांनी केलेले नव्हते. प्राथमिक निवडणुका तेव्हा मोजक्याच राज्यांत होत. इतरत्र राज्यांची अधिवेशने आणि पक्षसमित्याच प्रतिनिधी निवडत, आणि हे मॅकार्थींनाही ठाऊक होते. कामगार संघटना हम्फ्री यांच्या पाठीशी होत्या आणि नागरी हक्कांसाठी ते १९४८पासून झटत होते. या पाठिंब्याला ‘पुढाऱ्यांचे कारस्थान’ म्हणणे अन्यायाचे आहे. पक्षाच्या शिकागोच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांना प्रतिनिधींची सुमारे १,७६० मते मिळाली, मॅकार्थींना ६०१.

धागाकर्ता:
तो आकडा जूनमध्ये उमेदवारीच्या शर्यतीतले दुसरे युद्धविरोधी नेते रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाल्यानंतरचा आहे, हे आपण सोडून देता. शिवाय युद्धविरोधी ठराव फेटाळला गेला तेव्हाही त्याच्या बाजूने हजाराहून अधिक मते पडली होती. एवढा मोठा गट नाराज ठेवून सभागृहाबाहेर पोलिसांच्या लाठ्या चालत असताना मिळवलेली उमेदवारी नियमात बसेलही, पण तिला पक्षाचा कौल कसे म्हणावे?

प्रतिसाद २:
मग मतदारांच्या हाती निवड दिल्यावर काय झाले, तेही पाहा. नियम बदलले आणि १९७२ साली मॅकगव्हर्न उमेदवार झाले; त्यांनी ४९ राज्ये गमावली. हम्फ्री मात्र १९६८ साली रिपब्लिकन पक्षाच्या निक्सन यांच्याकडून एक टक्क्याहूनही कमी मतांनी हरले.

धागाकर्ता:
त्याच वाटेने १९७६ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे कार्टर जिंकले, त्याचे काय? आणि हम्फ्री यांची पिछाडी भरून निघू लागली ती ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीच्या भाषणात उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवण्याची तयारी दाखवल्यावर. मॅकार्थींचे मतदार मार्चपासून दुसरे काय सांगत होते?

प्रतिसाद १:
हे मान्य. पण त्या भाषणानंतरही मॅकार्थींनी पाठिंबा जाहीर करायला २९ ऑक्टोबर उजाडू दिला, आणि मतदान ५ नोव्हेंबरला होते. त्या महिन्याचा हिशेब तुम्ही कोणाच्या नावे मांडणार?