गुप्त संघटनांवरची पुस्तकं: भरवसा कशावर ठेवायचा?

प्रश्न: इल्युमिनाटी, फ्रीमेसन, रोझिक्रुशियन, सगळंच वाचायला घेतलंय. प्रत्येक पुस्तक वेगळंच सांगतं. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १: आधी तारखा एका कागदावर उतरवा. रोझिक्रुशियनांचा पहिला जाहीरनामा १६१४ साली छापला गेला, फ्रीमेसनांची मध्यवर्ती संस्था म्हणजे लंडनची ग्रँड लॉज १७१७ची, इल्युमिनाटी १७७६ची. जर्मनीतल्या बव्हेरियात १७८५ पर्यंत इल्युमिनाटीवर बंदीही आली. तिचा उगम पिरॅमिडांच्या काळापर्यंत नेणारा लेखक भेटला की तळटीपा उघडा. एक पुस्तक दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे. मूळ कागद कुठेच नाही.

प्रतिसाद २: पुस्तकाच्या शेवटच्या संदर्भसूचीत फ्रेंच लेखक लिओ ताक्सिल आणि त्याच्या कहाण्यांतली डायना वॉन ही नावं शोधा. फ्रीमेसन सैतान पूजतात, ही ताक्सिलने रचलेली थाप. १८९७ मध्ये पॅरिसला भरसभेत त्याने स्वतःच कबूल केलं, डायना वॉनच्या कहाण्यांसकट. कबुली गाळून त्याचा आधार घेणारं पुस्तक खुशाल मिटा.

प्रतिसाद ३: जादूच्या विधींच्या ग्रंथांत आवृत्ती बघा. इंग्रज गूढवादी मॅथर्सने १८८९ मध्ये 'सॉलोमनची किल्ली' हा जादूविधींचा जुना ग्रंथ अनेक हस्तलिखितं जुळवून छापला आणि काळ्या जादूचे काही भाग वगळले. म्हणजे तो पाठ जसाच्या तसा कुठल्याच एका हस्तलिखितात नाही. प्रस्तावना न वाचता थेट आकृत्यांवर उडी मारणारे इथेच फसतात.