ठळक अक्षर तिरकं केलं की बोल्ड इटॅलिक होत नाही
‘बोल्ड करून वर आय (तिरक्या अक्षरांचं, म्हणजे इटॅलिकचं बटण) दाबलं की झालं बोल्ड इटॅलिक’ हे फाँटवरच्या चर्चेत मांडलेलं मत अजिबात पटलं नाही. टाइम्स न्यू रोमनमधला इंग्रजी लहान ‘ए’ मोठा करून बघा. साध्या बोल्डमध्ये पोटावर वळलेली छत्री असते. बोल्ड इटॅलिकमध्ये ती नाहीच, हाताने लिहितो तसं नुसतं पोट आणि शेपूट. ‘एफ’ तर ओळीच्या खाली उतरतो. इटॅलिक आलंच हस्ताक्षरातून: फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने कोरलेल्या त्या टाइपात, म्हणजे छपाईच्या अक्षरांत, मुद्रक आल्डस मनुशियसने १५०१ साली व्हेनिसला रोमन कवी व्हर्जिलचं काव्य छापलं. मजकुराच्या जोडीने ठळक टाइप वापरायची रीत मात्र एकोणिसाव्या शतकातली. म्हणजे हाताची लय राखून रेघ जाड करायची, हे फार नाजूक काम आहे.

‘बोल्ड इटॅलिक वापरूच नये’ हे त्याच चर्चेतलं दुसरं मतही टोकाचं वाटतं. झाडांवरच्या एका पुस्तिकेची मांडणी मी केली होती. शीर्षकं बोल्ड, त्यात ‘मॅन्जिफेरा इंडिका’सारखी (म्हणजे आंबा) शास्त्रीय नावं. ती इटॅलिकच हवीत, म्हणजे तिथे बोल्ड इटॅलिकला पर्याय नाही. निवडलेल्या फाँटला बोल्ड इटॅलिकची वेगळी फाइलच नव्हती, सॉफ्टवेअरने बोल्ड अक्षरंच ढकलून तिरकी केली. प्रूफवर ‘ए’ची छत्री तशीच, सेरिफ (अक्षरांच्या टोकांना असलेल्या छोट्या रेघा) कलंडलेले, गोलाई एका बाजूला सुजलेली. शेवटी साधी, बोल्ड, इटॅलिक आणि बोल्ड इटॅलिक अशा चारही फाइली असलेला फाँट घेऊन सगळी पानं पुन्हा लावली. तेव्हापासून फाँट निवडताना मी आधी बोल्ड इटॅलिकची फाइल आहे का ते बघते.