ट्रायम्फ टी१२०आर: फ्रेम १९७० ची, इंजिन त्याआधीचे, घेण्यापूर्वी काय तपासावे?

लेस्टरकर

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर एका गृहस्थांकडे ट्रायम्फ बॉनव्हिल ६५० (मॉडेल टी१२०आर) विकाऊ आहे आणि ती घ्यावी की नाही, या विचारात मी अडकलो आहे. गाडी मूळची अमेरिकेला निर्यात झालेली असून नव्वदच्या दशकात परत इकडे आली, एवढा इतिहास कागदोपत्री दिसतो. फ्रेमवरचा नंबर ‘पीडी’ या अक्षरांनी सुरू होतो आणि विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार त्याचा अर्थ नोव्हेंबर १९७० असा आहे. इंजिनावर मात्र ‘टी१२०आर’ च्या पुढे ‘डीयू’ आणि त्यापुढे बावन्न हजारांच्या घरातला आकडा आहे. हे कसे, असे विचारले असता, कारखान्यात जुनी इंजिने शिल्लक होती आणि तीच नव्या फ्रेममध्ये बसवली गेली, असे उत्तर मिळाले.

पुढचा ब्रेक आठ इंची, दोन लीडिंग शूंचा (ड्रम ब्रेकचा एक प्रकार) आहे. टाकीवर भुवईसारख्या आकाराचे जुने बिल्ले आहेत, दोन अमल कॉन्सेन्ट्रिक कार्ब्युरेटर आहेत आणि दोन्ही बेंड पाइप (इंजिनातून धूर नेणाऱ्या वाकड्या नळ्या) एकमेकांना न जोडता सरळ मागे गेलेले आहेत. व्ही५सी लॉगबुकात (इकडच्या नोंदणीपत्रात) नोंदलेला इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो. किंमत मात्र सर्व नंबर जुळणाऱ्या, म्हणजे फ्रेम आणि इंजिन मूळचे एकत्र असलेल्या गाडीची सांगितली जात आहे. इंजिन दुसऱ्या गाडीचे आहे हे निश्चित कसे करावे आणि तसे असेल तर पुढे आणखी काय पाहावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मेरिडेन६५०

आधी अक्षरांचा अर्थ नीट लावू. १९६९ च्या मॉडेलांपासून ट्रायम्फने (आणि त्याच समूहातल्या बीएसएने) नंबराच्या आधी दोन अक्षरे पंच करायला सुरुवात केली. त्यातले पहिले अक्षर महिन्याचे आणि दुसरे हंगामाचे. ‘पी’ म्हणजे नोव्हेंबर आणि ‘डी’ म्हणजे १९७० चा हंगाम, इथवर तुमचे विक्रेते बरोबर आहेत. पण कारखान्याचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होत असे, त्यामुळे १९७० च्या हंगामातला नोव्हेंबर हा प्रत्यक्षात १९६९ चा नोव्हेंबर ठरतो. म्हणजे फ्रेम त्यांच्या समजुतीपेक्षा पूर्ण एक वर्ष जुनी आहे. या ठिकाणी पुष्कळ लोक फसतात आणि लिलावाच्या जाहिरातींतसुद्धा ही चूक सर्रास दिसते.

‘डीयू’ ची मालिका १९६३ साली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये आले तेव्हा, १०१ पासून सुरू झाली आणि १९६९ च्या हंगामाच्या आरंभी नव्वद हजारांच्या थोडे पुढे जाऊन संपली. त्यातला ४४३९४ ते ६६२४५ हा पट्टा १९६७ च्या हंगामाचा आहे. बावन्न हजारांचे इंजिन आणि नोव्हेंबर १९६९ ची फ्रेम यांच्यात दोन वर्षांहून अधिक अंतर पडते. ट्रायम्फच्या मेरिडेन येथील कारखान्यात इंजिन आणि फ्रेम या दोहोंवर एकच नंबर पंच होत असल्यामुळे ‘जुनी इंजिने शिल्लक होती’ हे स्पष्टीकरण टिकत नाही, कारण शिल्लक इंजिन बसवले असते तरी फ्रेमवर त्याचाच नंबर पडला असता. (हा नियम ट्रायम्फचा आहे. साठच्या दशकातल्या अनेक बीएसएंत दोन नंबर वेगळे असणे हीच मूळ अवस्था असे, त्यामुळे तिथे न जुळणाऱ्या नंबरांवरून काहीच सिद्ध होत नाही.)

मात्र नंबर हा धातूवर उठवलेला आकडा आहे आणि आकडा बदलता येतो. म्हणून मी प्रत्येक पुराव्याचे वजन तो बदलणे किती अवघड आहे यावरून ठरवतो. बिल्ले, बेंड पाइप, कार्ब्युरेटर, सीट या गोष्टी शनिवारी दुपारी बदलता येतात आणि त्यांच्या नव्या प्रतिकृतीही बाजारात मिळतात. तुमच्या गाडीवरचे भुवईसारखे बिल्ले १९६६ ते १९६८ च्या हंगामांतले आहेत, आणि १९६९ पासून दोन बेंड पाइपांच्या मध्ये जोडनळी आली, जी तुमच्या गाडीला नाही. या दोन्ही गोष्टी १९६७ च्या इंजिनाशी सुसंगत आहेत. त्यावरून असा तर्क करता येतो की केवळ इंजिन बदललेले नसून १९६७ ची एक अख्खी गाडी मोडून तिचा बराचसा भाग या फ्रेमवर चढवला गेला असावा. कॉन्सेन्ट्रिक कार्ब्युरेटरांवरून काही ठरत नाही, कारण १९६७ च्या हंगामाच्या उत्तरार्धातच ते मोनोब्लॉक या जुन्या कार्ब्युरेटरच्या जागी येऊ लागले होते. ब्रेक १९६८ किंवा त्यानंतरचा, म्हणजे फ्रेमच्या बाजूचा आहे.

ओतकाम मात्र सहज बदलत नाही, आणि १९७० च्या इंजिनात ओतकामाशी निगडित असा एक फरक झाला, जो बाहेरूनच दिसतो. त्याआधीच्या इंजिनांत क्रँककेसचा (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या खालच्या केसचा) श्वास, म्हणजे आतली हवा, इनलेट कॅमशाफ्टच्या डाव्या टोकाशी फिरणाऱ्या चकतीच्या झडपेतून एका बारीक नळीवाटे बाहेर पडत असे. १९७० मध्ये ती झडप काढून टाकली गेली, क्रँककेसची हवा प्रायमरी चेनकेसमध्ये (इंजिनापासून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या पेटीत) जाऊ लागली आणि चेनकेसच्या मागच्या बाजूने एक चांगली जाड नळी बाहेर काढली गेली. हातात टॉर्च घेऊन चेनकेसच्या मागे वाकून पाहा. जाड नळी असेल तर इंजिनावरचा ‘डीयू’ खोटा असण्याची दाट शंका घ्यावी, आणि नसेल तर तो खरा असण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

दुसरी गोष्ट क्रँककेसच्या तळाची. दोन्ही अर्ध्या केस कारखान्यात एकत्र जोडूनच मशीन केल्या जात आणि सांध्याजवळ दोन्हीकडे एकच जोडनंबर पंच केला जाई. मेन बेअरिंगची छिद्रे त्या जोडीतच एका रेषेत असतात. तळ साफ करून दोन्ही आकडे वाचा. ते वेगळे निघाले तर तुम्ही दोन इंजिनांचे मिळून एक इंजिन विकत घेत आहात, आणि ती बाब फ्रेमच्या नंबरापेक्षा कितीतरी अधिक गंभीर आहे. फ्रेमशी न जुळणारे इंजिन वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, पण न जुळणाऱ्या अर्ध्या केसवर क्रँकशाफ्ट किती काळ सरळ राहील याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

पंचमार्क

मला येथे वेगळीच शंका येते. खऱ्या ट्रायम्फ इंजिनावर ज्या सपाट पट्टीवर नंबर पंच केलेला असतो, तिच्यावर कंपनीचे नाव बारीक अक्षरांत पुन्हा पुन्हा उठवलेले असते, जेणेकरून कोणी पट्टी घासून नवा नंबर मारला तर ते लगेच उघड व्हावे. लेस्टरकर, तुमच्या इंजिनावर तशी नक्षी आहे का? नसेल तर पट्टी घासलेली आहे असे धरून चालावे. शिवाय एकच कार्ब्युरेटर असलेल्या ट्रायम्फच्याच टीआर६ चे हेड बदलून, दोन कार्ब्युरेटर लावून तिची बॉनव्हिल केल्याची उदाहरणे भरपूर आहेत. दोन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७१ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८२ मिलिमीटर आणि क्षमता ६४९ सीसी असल्यामुळे गाडी चालवून कोणालाही फरक कळत नाही.

मेरिडेन६५०

टीआर६ चा मुद्दा योग्य आहे आणि त्या फसवणुकीत बदलावी लागतात ती नंबराच्या आधीची मॉडेलची अक्षरे. म्हणून भिंग घेऊन आकड्यांपेक्षा ‘टी१२०आर’ ही अक्षरे अधिक बारकाईने पाहावीत: त्यांची खोली, एकमेकांतले अंतर आणि त्यांच्याभोवती फाइलचे किंवा सॅंडिंगचे ओरखडे आहेत का ते. पट्टीचा पृष्ठभाग आजूबाजूच्या ओतकामापेक्षा खोलगट किंवा अनैसर्गिक चकचकीत दिसला, तर थांबलेलेच बरे.

नक्षीबाबत मात्र घाई करू नये. ती १९६९ च्या मॉडेलांपासून, महिन्याच्या अक्षरांबरोबर आली. १९६७ च्या इंजिनाची पट्टी कोरी असणेच अपेक्षित आहे, आणि तिच्यावर नक्षी आढळली तर तीच संशयाची गोष्ट ठरेल. तसेच क्रँककेस फुटल्यावर सुट्या भागांच्या विभागातून बिननंबरी नवी केस मिळत असे व त्यावर जुना नंबर डीलरच्या गॅरेजमध्ये पंच केला जाई. त्यामुळे वेड्यावाकड्या अक्षरांमागे दर वेळी चोरीच असते असेही नाही. जुन्या पावत्या असतील तर त्या मागून घ्याव्यात.

फ्रेमचा नंबर डाव्या बाजूस, हँडलच्या खालच्या लगवर (फ्रेमच्या नळ्या जोडणाऱ्या भागावर) असतो. तिथला रंग विक्रेत्याच्या परवानगीने थोडासा काढून पाहावा, कारण जाड पावडर कोटिंगखाली बरेच काही झाकले जाते. व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे ट्रायम्फच्या कारखान्याच्या रवानगीच्या नोंदी आहेत. फ्रेमचा आणि इंजिनाचा, दोन्ही नंबर त्यांना स्वतंत्रपणे विचारल्यास प्रत्येक गाडी कोणत्या मॉडेलची होती आणि कुठे रवाना झाली, ते समजू शकते. लॉगबुकात नंबर जुळतो याचा अर्थ एवढाच की कोणीतरी गाडीवर जो आकडा वाचला तोच कार्यालयाला कळवला.

डेक्कनवाला

इंग्लंडमधील गाडीबद्दल सांगण्याइतके या दोघांनी सांगितलेच आहे. मी आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडे जोडतो, कारण हा प्रश्न येथेही आता केवळ हौशीचा राहिलेला नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी दुचाकी तीत बसते, पण मूळ स्वरूप राखलेले असावे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते.

आमच्याकडच्या जुन्या बुलेटांची अडचण वेगळीच. एके काळी पेट्रोल परवडत नाही म्हणून कित्येकांनी ३५० चे इंजिन उतरवून डिझेल इंजिन चढवले, आणि पुढे शौक परतला तेव्हा भंगारातून मिळाले ते पेट्रोल इंजिन पुन्हा बसवले. आरसी बुकात या तीनपैकी कोणते इंजिन नोंदलेले असेल ते सांगता येत नाही. त्यात ३५० च्या गाडीवर ५०० चे इंजिन असण्याचाही संभव असतो. दोन्हींचा स्ट्रोक ९० मिलिमीटर, पण बोअर ३५० चा ७० आणि ५०० चा ८४ मिलिमीटर असल्यामुळे हेड उघडून व्हर्नियर लावला की वाद मिटतो. घासलेला नंबर रसायन लावून वर आणण्याचा उद्योग मात्र कोणी घरी करू नये. ते न्यायसहायक प्रयोगशाळेचे काम आहे, आणि अर्धवट प्रयत्नात उरलासुरला पुरावाही नाहीसा होतो.

लेस्टरकर

सर्वांचे आभार. काल पुन्हा जाऊन गाडी पाहिली. चेनकेसच्या मागे जाड नळी नाही, तर क्रँककेसमधून निघणारी बारीक नळी आहे. नंबराची पट्टी कोरी आहे, तिच्यावर ओतकामाचा मूळचा खरखरीतपणा शाबूत आहे आणि अक्षरे व आकडे एकाच खोलीचे आहेत. तळाशी दोन्ही जोडनंबर जुळले. ‘पीडी’ चा नोव्हेंबर १९६९ चा आहे हे ऐकून विक्रेते थोडे नाराज झाले, परंतु टाकी आणि इंजिन त्यांच्या आधीच्या मालकाने अमेरिकेत एकाच अपघातग्रस्त गाडीवरून काढले होते, हे त्यांनी त्यानंतर स्वतःहून सांगितले. जुळणाऱ्या नंबरांच्या गाडीची किंमत मी देणार नाही, हे त्यांना स्पष्ट कळवले आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की टाकी आणि बेंड पाइप १९७० च्या फ्रेमला साजेसे घ्यावेत, की १९६७ च्या इंजिनाला साजेसे आहेत तेच ठेवावेत?

मेरिडेन६५०

फ्रेमचा नंबर हीच गाडीची कायदेशीर ओळख असल्यामुळे मी टाकी १९७० ची घेईन, पण जुनी टाकी विकणार नाही. बेंड पाइप आहेत तेच राहू द्यावेत. त्या पैशांत आधी क्लच आणि प्रायमरी चेन तपासून घ्या, आणि चेनकेस उघडलेलीच असेल तेव्हा ड्राइव्ह बाजूचे ऑइल सील नवे टाका. १९६७ च्या इंजिनात ते असते, १९७० च्या इंजिनात नसते, आणि १९७० चे पुस्तक उघडून काम करणाऱ्या मिस्त्रीने ते कधीतरी काढून टाकलेले असण्याची शक्यता आहे.