गुलाबी प्रिंट म्हणजे मूळ रंग नव्हे

जुन्या सिनेमांचे रंग परत मिळवण्याबद्दल इथे एकांनी लिहिलंय की जुनी प्रिंट (थिएटरात चालवायची फिल्मची प्रत) मिळाली की स्कॅन करायची, मूळ रंग आपोआप मिळतात. प्रयत्नांना मनापासून पाठिंबा, पण प्रिंट कुठली हे आधी बघा. ईस्टमनकलर (कोडॅकची रंगीत फिल्म) प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग सर्वांत आधी उडतो, म्हणून चाळीस वर्षांनी सगळं गुलाबी-लाल दिसतं. टेक्निकलर कंपनीच्या जुन्या पद्धतीत तिन्ही रंग वेगवेगळे छापले जायचे, ते फारसे उडत नाहीत. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी चाहत्यांनी केलेलं ‘४के७७’ हे डिजिटल पुनरुज्जीवन मुख्यतः अशाच एका टेक्निकलर प्रिंटवरून झालं. आपल्या बहुतेक रंगीत सिनेमांना ती सोय नाही.

आणि पडद्यावरचा रंग फक्त फिल्मचा नसतो. माझे मामा नाशिकला थिएटरात प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत जातील तसा उजेड बदलायचा, मामा सारखे हात लावून तो सांभाळत. त्या काळच्या ऑपरेटरांना विचारा, त्यांच्या डोळ्यांना अजून आठवतं. फाळक्यांच्या नाशिकमध्ये तरी या आठवणी नोंदवायचं काम कुणीतरी हाती घ्यावं. मामांच्या वयाची माणसं आता मोजकीच उरलीत. मी येत्या रविवारपासून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला बसतोय.