डोंगराच्या पोटातलं घर आणि ४० मीटरचा डायपोल: तार वर माळावर न्यावी की घराशीच बांधावी?

सावित्रीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी पोलादपूर तालुक्यात सावित्रीच्या खोऱ्यात राहतो, शाळेत शिकवतो. हौशी रेडिओची (हॅम) रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास होऊन लायसन्स हातात आलंय. सेट बीआयटीएक्स ४०, म्हणजे ७ वॉट, १२ व्होल्टच्या बॅटरीवर. ॲन्टेना अजून नाही. ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा डायपोल बांधायचाय: मधोमध केबल जोडलेली, साधारण अर्ध्या तरंगलांबीची आडवी तार.

रेडिओकडे का वळलो ते आधी सांगतो, म्हणजे मला काय हवंय ते कळेल. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली, महाड पाण्याखाली होतं. आमच्या वाडीत वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, आणि बहीण महाडला. ती सुखरूप आहे हे तिसऱ्या दिवशी चालत आलेल्या एका माणसाकडून कळलं. पुढच्या वेळी या वाडीतून पुण्या-मुंबईपर्यंत आवाज गेला पाहिजे, एवढंच डोक्यात आहे. परदेशी स्टेशनं मिळाली तर आनंदच, पण ते नंतर.

जागा अशी. घर उतारावर, तोंड पश्चिमेला. पूर्वेला दोनेक किलोमीटरवर सह्याद्रीची भिंत, आमच्यापेक्षा सुमारे ७०० मीटर उंच. हातातला व्हीएचएफ सेट (त्याच्या लहरी सरळ रेषेतच जातात) अंगणातून काहीच पकडत नाही. घराच्या दक्षिणेला आंबा, उत्तरेला फणस, दोन्ही एकाच बांधावर, मधलं अंतर २६ मीटर. मागे चढावर ३० मीटरवर ऐनाचं उंच झाड आहे. त्याच्याही वर, घरापासून ८० मीटर केबल लागेल इतक्या अंतरावर, मोकळा माळ.

माझा विचार माळावर कळक रोवून तार तिथे चढवायची. जितकी उंच तितकं बरं ना? नाहीतर घराच्या छपरापासून ऐनापर्यंत तार ओढावी. आणि इथे मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अर्थिंग कसं करू?

तारवाला

गुरुजी, माळावर जाऊ नका. तार घराशीच बांधा, आंबा ते फणस. त्यांच्यासारखी जागा तुम्हाला मुद्दाम शोधून मिळाली नसती.

मी चौतीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्या, त्यातली अकरा घाटात. उंचीचा मोह मला ठाऊक आहे. पण तुम्हाला बोलायचंय ते डोंगरापलीकडच्या माणसाशी. त्यासाठी सिग्नल डोंगराला धडकवायचा नाही, सरळ आभाळात सोडायचा. तो वर आयनोस्फिअरला, म्हणजे आभाळातल्या विद्युतभारित थराला लागून पावसासारखा खाली येतो, दरीतही आणि डोंगरापलीकडेही. त्याला भिंत आडवी येत नाही. असा वर जाणारा सिग्नल हवा तर ७ मेगाहर्ट्झला तार जमिनीपासून ५ ते १० मीटरवर असली की झालं. ७ मीटर उत्तम. तीन मीटरच्या खाली मात्र आणू नका, ताकद जमीनच खाईल.

आता माळाचा हिशोब करा. सेटपासून तारेपर्यंत ८० मीटर आरजी-५८ ही नेहमीची बारीक केबल घेतली तर ती या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ ३ डेसिबल खाते. म्हणजे ७ वॉटातले साडेतीन केबलमध्येच जिरले. त्यात माळावरचा वारा, वीज पडण्याचं भय, आणि भर पावसात रात्री काही तुटलं तर तुम्ही तिथे चढणार कसे? ज्या दिवसासाठी हे सगळं करताय, त्या दिवशी वर जाता येणार नाही.

छप्पर ते ऐन हेही सोडा. तुमचा उतार वीस अंशांचा धरला तर ३० मीटरात जमीन ११ मीटर चढते. छपरापासून आडवी तार काढली तर तिचं टोक ऐनाच्या बुंध्याआधीच मातीत जाईल. डोंगरात मी एकच नियम पाळतो: बांध जातो तशी तार. खाचराचा बांध पाणी अडवायला एका पातळीत घातलेला असतो, म्हणून त्याच्यावरून जाणाऱ्या तारेची दोन्ही टोकं जमिनीपासून सारखी उंच राहतात.

माप: १४३ भागिले ७.१, म्हणजे २० मीटर १४ सेंटिमीटर. अर्धी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. तार घरगुती वायरिंगचीच घ्या, २.५ चौरस मिलिमीटर, वरचं प्लास्टिक राहू द्या. प्लास्टिकमुळे तार विजेच्या हिशोबाने लांब वाटते, त्यामुळे शेवटी ती कमीच करावी लागेल. तरीही सुरुवात दर बाजूला १० मीटर ४० ने करा. आणि कापू नका. टोक मागे दुमडून तारेवरच गुंडाळा, चुकलं तर उलगडता येतं.

झाडावर चढायची गरज नाही. बेचकीने गळाची नायलॉन दोरी शिशासकट फांदीवरून मारा, तिला सुतळी, सुतळीला जाड दोरी. बाजारातली निळी प्लास्टिकची दोरी वापरू नका, एका उन्हाळ्यात तिचा भुगा होतो. काळी पॉलिएस्टरची घ्या.

फणसाकडचं टोक पक्कं बांधा. आंब्याकडे मात्र दोरी कप्पीवरून घेऊन खाली पाच लिटरचा तेलाचा कॅन लटकवा, अर्धा वाळूने भरलेला, साधारण चार किलो. झाडं वाऱ्यात हलतात, आणि तुमच्याकडे वानरंही असणार. कॅन वर-खाली होतो, तार तुटत नाही. मध्ये मीटर-सव्वा मीटर झोल येईल, येऊ द्या. वीणेसारखी ताणलेली तार पहिल्या वादळात जाते, हे मी सरकारी खर्चाने शिकलोय. एक मात्र नक्की पाहा: तार किंवा झाड पडलं तरी ते विजेच्या लाइनवर जाणार नाही.

सावित्रीकाठ

काका, मनापासून आभार. माळाचं स्वप्न सोडलं. पण एक शंका राहिलीच. बांध उत्तर-दक्षिण जातो, म्हणजे डायपोलचं तोंड पूर्व-पश्चिम. मुंबई माझ्या वायव्येला, पुणे ईशान्येला. दोघांकडेही ते सरळ होत नाही. चालेल? शिवाय उतारामुळे सगळं पश्चिमेला कलंडणार नाही का?

पाषाणकन्या

चालेल, आणि का चालेल ते आकड्यांतच पाहा. मी पुण्यात अँटेनाचं गणित शिकवते.

पूर्वेची भिंत २ किलोमीटरवर ७०० मीटर, म्हणजे तुमच्या अंगणातून १९ अंश वर. त्याच्या खालचं सगळं पूर्वेला अडतं. आता कुणाला कोणता कोन लागतो? परावर्तन ३०० किलोमीटर उंचीवरून धरू. पुणे तुमच्यापासून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर, म्हणजे अर्ध्या वाटेवर ३७ किलोमीटर. कोन ८० अंशांहून जास्त. मुंबई सव्वाशे किलोमीटर, कोन ७८. नागपूर ६८० किलोमीटरच्या आसपास, तरी ४० अंशांजवळ. दिल्लीही भिंतीच्या वरूनच जाते. भिंत अडवते ती फक्त पूर्वेकडच्या फार लांबच्या स्टेशनांना.

दिशेची काळजी सोडा. ७ मीटरवरचा ४० मीटरचा डायपोल वर पाहतो, त्याला तोंड असं फारसं नसतं. उताराचं म्हणणं बरोबर आहे. जमीन हा आरसा आहे, तो वीस अंश कलला तर किरणांचा झोतही तितकाच उताराकडे कलतो. पण झोत इतका रुंद आहे की पुणे त्यात आरामात बसतं. उद्या १४ मेगाहर्ट्झचा सेट घेतलात तर हाच उतार कामाला येईल, कारण पश्चिमेकडे, समुद्रावरून आफ्रिकेकडे जाणारा सिग्नल खाली वाकेल. सपाटीवर त्यासाठी खांब बराच उंच करावा लागतो.

अर्थिंगबद्दल. डायपोलला चालण्यासाठी जमीन लागत नाही. आभाळातल्या विजेसाठी हवी, आणि पाषाणात रॉड जात नाही. न्हाणीचं पाणी जिथे जातं, जिथे अळू लावलेलं असतं, तिथली माती बारा महिने ओली असते. रॉड तिथे ठोका, तिरका गेला तरी चालेल, एकाऐवजी दोन. त्याच्यावर विसंबून मात्र राहू नका. वळवाचे ढग दिसले की केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवायची, ढग गडगडायच्या आधी. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात तर झोपताना रोज काढायची.

केबलच्या वरच्या टोकाला, फीड पॉइंटखाली (केबल तारेला जोडते तिथे), केबलचेच दहा-बारा वेढे फेराइट रिंगवर घाला. नाहीतर केबलचं कवचही ॲन्टेना होतं आणि घरातल्या इन्व्हर्टरचा सगळा कचरा कानात येतो.

सावित्रीकाठ

झालं! शनिवारी दोन विद्यार्थी आणि त्यांची बेचकी मदतीला होती. तिसऱ्या फेकीत दोरी आंब्यावरून गेली.

मित्राचा नॅनोव्हीएनए, म्हणजे ॲन्टेना मोजायचं छोटं यंत्र, आणला होता. १०.४० मीटरच्या बाजूंवर रेझोनन्स (तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती) ६.७८ मेगाहर्ट्झला आला. हिशोब केला: १०.४० गुणिले ६.७८ भागिले ७.१०, म्हणजे ९.९३. काकांनी सांगितल्याप्रमाणे न कापता दर बाजूला ४७ सेंटिमीटर दुमडले. पुन्हा वर चढवली तर रेझोनन्स ७.०९, एसडब्ल्यूआर १.३ (तारेकडून किती ताकद परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही). केबल फक्त १४ मीटर लागली.

रविवारी सकाळी अकराला ७ मेगाहर्ट्झवर हाक दिली. पहिलं उत्तर पुण्याहून, पाच-सात, म्हणजे शब्द स्वच्छ आणि सिग्नल चांगला. माझ्या अंगणातून, त्या भिंतीच्या पलीकडून. मग पनवेल, मग छत्रपती संभाजीनगरकडचे एक ज्येष्ठ. आई ओट्यावर बसून ऐकत होती. पुण्याचा माणूस तिच्याशीही दोन शब्द बोलला, मी मायक्रोफोन तिच्यापुढे धरला होता. बहिणीला फोन करून सांगितलं तेव्हा गळा दाटून आला.

एक गोष्ट मात्र कळली नाही. रात्री नऊला पुणे साफ गायब. कोलकाता मात्र स्पष्ट. तार काही बिघडली का?

तारवाला

तार ठीक आहे. अंधार पडला की आयनोस्फिअर विरळ होतो, ७ मेगाहर्ट्झचा सरळ वर गेलेला सिग्नल मग परत येत नाही, पार निघून जातो. तिरका गेलेलाच परततो, म्हणून लांबचं ऐकू येतं, जवळचं नाही. रात्री आणि पहाटे पुणं हवं असेल तर ८० मीटर बँड लागेल: ३.६ ला चाळीस मीटर तार, आणि सेटही तो बँड असलेला. बांध पुढे जातो का पाहून ठेवा. तोवर वाडीतल्या लोकांना सांगून ठेवा की निरोप दिवसा दहा ते चारमध्ये द्यायचा.

आता पावसाची तयारी. केबलच्या वरच्या टोकातून पाणी आत शिरतं आणि जाळीतून घरापर्यंत उतरतं. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात असं झालं. मीटरवर एसडब्ल्यूआर आधीपेक्षा सुंदर दिसत होता, म्हणून मी महिनाभर निर्धास्त होतो, आणि मला कोणीच ऐकत नव्हतं. भिजलेली केबल ताकद खाते, परत येणारीही खाते, म्हणून मीटर खूश. कापून पाहिली तर आतली जाळी काळी पडलेली. जोडावर रबराची स्वतःला चिकटणारी टेप ओढून गुंडाळा, त्यावर साधी टेप. केबल खिडकीतून आत घेण्याआधी खाली एक झोळ सोडा, पाणी तिथूनच टपकेल.

मृगाच्या आधी कप्पीत ग्रीस, फांदीवर दोरी घासते तिथे जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा. आणि कॅनला तळाशी भोक पाडायला विसरू नका, नाहीतर पाऊस भरून चार किलोचे सात होतील.

त्र्याहत्तर, म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा, गुरुजी. आईंनाही नमस्कार सांगा. पुढच्या रविवारी अकराला मी साताऱ्याहून ऐकत असेन.