मुंबईच्या गच्चीवरील सफरचंदाचे डोळे कसे फुटतील?

मुलुंडची गच्ची (प्रश्न):
आमच्या इमारतीच्या गच्चीवर ड्रममध्ये अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डन या जातींची सफरचंदाची झाडे आहेत. ती निरोगी दिसतात. मात्र जुनी पाने जानेवारीतही गळत नाहीत, नवी पालवी केवळ शेंड्याला येते आणि खालचे डोळे (जिथून पालवी व फुले फुटतात त्या कळ्या) मिटलेलेच राहतात. थंडी मिळावी म्हणून बुंध्याशी बर्फ टाकण्याचा सल्ला एकाने दिला आहे. त्याचा उपयोग होईल काय?

परसबाग:
बर्फाचा उपयोग होणार नाही, कारण थंडीचा परिणाम प्रत्येक डोळ्यावर स्वतंत्रपणे होतो, मुळे गार करून तो साधत नाही. हिमाचल-काश्मीरमधील जुन्या जातींना डोळे नीट फुटण्यासाठी ७ अंशांखालील थंडीचे सुमारे १००० तास लागतात. आपल्या दोन्ही जातींना त्याहून पुष्कळ कमी लागतात, परंतु सांताक्रूझ येथील नीचांकच ७.४ अंश (२२ जानेवारी १९६२) असल्याने मुंबईत तेवढेही मिळणे नाही. तेव्हा थंडीचा नाद सोडावा आणि डोळे गाढ सुप्तावस्थेत जाण्यापूर्वीच त्यांना फुटायला लावावे. इंडोनेशियातील पूर्व जावामधील बातू येथे काढणीनंतर काही आठवड्यांनी झाडाची सगळी पाने हाताने ओरबाडतात, फांद्या वाकवून बांधतात आणि वर्षातून दोनदा फळे घेतात. (ते गाव डोंगरावर असल्याने हवा मुंबईपेक्षा थंड असते, हे ध्यानात ठेवावे.) पाने गेली की त्यांचा डोळ्यांवरील अटकाव संपतो आणि फांदी आडवी झाली की शेंड्याचे वर्चस्व कमी होते. आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर, शेंड्याची वाढ थांबून फांदी पक्व झाली की हे काम करावे. त्यापूर्वी डाळिंबाला देतात तसा पाण्याचा ताण द्यावा, म्हणजे पाणी तोडावे.

नाशिकचा मळा:
ताणाबाबत माझे मत वेगळे आहे. जमिनीतील डाळिंबाची मुळे खोल ओलाव्यापर्यंत जातात, तर ड्रममधील माती ऑक्टोबरच्या उन्हात पाहता पाहता कोरडी पडून झाड दगावू शकते. म्हणून पाणी केवळ कमी करावे, तोडू नये. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर आम्ही डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचे पेस्टिंग करतो (ते डोळ्यांना लावतो) आणि सफरचंदाचे डोळे फोडण्यासाठीही ते काही देशांत वापरतात. मात्र ते विषारी आहे, माणसाच्या त्वचेला व डोळ्यांना इजा करते आणि ते हाताळण्याच्या आगेमागे मद्य घेतल्यास प्रकृती गंभीर होऊ शकते. मुले खेळतात त्या गच्चीवर, तेही दोन झाडांसाठी, ते आणूच नये.

मुलुंडची गच्ची:
आभारी आहे. यंदा एकाच झाडाची पाने काढून पाहावे, की दोन्हींची?

परसबाग:
दोन्हींची, आणि एकाच दिवशी. अ‍ॅनाला चांगली फळधारणा होण्यासाठी दुसऱ्या जातीचे परागकण लागतात आणि डॉर्सेट गोल्डन त्याच सुमारास फुलते. दिवस चुकले तर फुले येऊनही गळतील. पान काढताना देठाच्या बगलेतील डोळा दुखावणार नाही, याची काळजी घ्यावी. त्यानंतर खत व नियमित पाणी सुरू करावे आणि गच्चीवर मधमाश्या फिरकत नसतील तर फुलांवरून सकाळी मऊ कुंचला फिरवावा.