सीरममधली बाईल ॲसिड्स: 391 वर दोन पीक (आलेखातले उंचवटे) एकातच येतात

बीडची_अंजली
नमस्कार. संभाजीनगरला पीएचडी करते, विषय गरोदरपणातला कोलेस्टॅसिस, म्हणजे पित्त अडून बाईल ॲसिड्स (पित्तातली आम्लं) रक्तात साचतात तो आजार. शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजतात अशा बायकांचं सीरम बीड-जालन्याहून बर्फात येतं. 100 मायक्रोलीटर सीरममध्ये चौपट थंड ॲसिटोनायट्राइल, सेंट्रिफ्यूज, वरचा भाग सुकवून मिथेनॉल-पाण्यात. घटक वेगळे करायला 50 मिमीचा सी-18 कॉलम, झटपट रन, मग वस्तुमान मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर, निगेटिव्ह मोडवर. स्टँडर्ड (तुलनेसाठी शुद्ध ॲसिड्स) चारच आहेत: कोलिक, चीनोडिऑक्सीकोलिक, डिऑक्सीकोलिक, लिथोकोलिक. मधली दोन्ही 391.3 या वस्तुमानाला एकाच उंचवट्यात येतात. शिवाय माझी बाईल ॲसिड्सची बेरीज दवाखान्यातल्या किटच्या आकड्यापेक्षा फारच कमी भरते. मशीनचा दोष असेल का?

लातूर_लॅब
कोलिजन एनर्जी (रेणू तोडणारी धडक) वाढवा, दोघांचे वेगळे तुकडे पडतील.

गोदाकाठ_नांदेड
अंजलीताई, मशीनला हात लावू नका. आणि लातूरकर, माफ करा, पण इथं एनर्जी वाढवून भागत नाही. मोकळ्या बाईल ॲसिडची कडी निगेटिव्हमध्ये सहजासहजी तुटत नाही, म्हणून बहुतेक जण 391 ते 391, म्हणजे न तोडता अख्खाच रेणू मोजतात. दोघांचं वस्तुमान एकच, तेव्हा वेगळं करायचं काम कॉलमचं. 100 किंवा 150 मिमीचा घ्या, ग्रेडियंट (द्रावकाचं बदलतं प्रमाण) सावकाश चढवा, आणि प्रत्येक स्टँडर्ड एकेकटं सोडून वेळ लिहून ठेवा. चीनो आधी येतं, डिऑक्सी मागून.

आता बेरजेचं. तुमच्या यादीत ग्लायसिन आणि टॉरिन जोडलेली ॲसिड्सच नाहीत, आणि या आजारात रक्तात साचतात ती मुख्यतः तीच. किट सगळी एकत्र मोजतं. ग्लायकोकोलिक 464 ते 74, टॉरोकोलिक 514 ते 80. ही मात्र छान तुटतात. ड्यूटेरियमवाली (जड हायड्रोजनची) इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे नमुन्यातच मिसळायची ठरावीक मापाची ॲसिड्स, ॲसिटोनायट्राइलच्या आधीच घाला. कॅलिब्रेशनला साधं सीरम चालणार नाही, बाईल ॲसिड नसलेलं माणसाचं सीरम मिळतच नाही. कोळशानं धुतलेलं वापरा.

अर्सोडिऑक्सीकोलिकचं स्टँडर्ड आजच मागवा. तेही 391 लाच, चीनोच्या बरंच आधी. याच आजारावर त्याच्या गोळ्या देतात. बाईनं गोळी घेतलेली असेल तर किटचा आकडा फुगतो, आणि तो फुगवटा आजाराचा की गोळीचा हे सांगणं तुमच्याच पद्धतीला जमतं. या कामाचं खरं मोल मला इथं वाटतं.

अजून एक, आणि हे कळकळीनं सांगते. फॉर्मवर 'उपाशी' अशी खूण असते, पण बाईनं सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असते, दाण्याचं कूट आणि तुपासकट. पित्ताशय आकसतं, आकडा चढतो. नवरात्रात तर हमखास. सिस्टरला सांगा, काय खाल्लं आणि किती वाजता, तेवढं विचारा. ब्रिटनच्या 2022 च्या सूचनांमध्ये उपाशी न ठेवता कधीही घेतलेल्या रक्तात 19 मायक्रोमोल प्रति लीटरपासून निदान धरलंय, आणि 100 च्या पुढे बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. अशा आकड्यावर बाळंतपण कधी करायचं ते ठरतं हो.

बीडची_अंजली
काकू, खूप आभार. 150 मिमीवर दोन्ही पीक सुटी झाली. काही नमुन्यांत त्यांच्या आधी एक मोठं पीक दिसतंय. जालन्याच्या सिस्टरला फोन केला, त्या बायकांना गोळ्या आधीच चालू होत्या.

गोदाकाठ_नांदेड
मग ते अर्सो असणार, स्टँडर्ड आलं की वेळ जुळवून घ्या. तोवर ते नमुने वेगळे ठेवा, आणि गोळी कधीपासून, किती मिलिग्रॅम, तेही लिहून घ्या.